अनेक धन्यांचे चाकर: महाराष्ट्रातील हमाल-माथाडींच्या हक्काचा इतिहास

डोक्यावर किंवा पाठीवर ओझे वाहून पोट भरणाऱ्या माणसासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत. 'हमाल' हा शब्द मूळचा अरबी, वाहून नेणे या अर्थाच्या धातूपासून बनलेला. बंदरे आणि पेठा यांच्या व्यापारी बोलीबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर रुजला आणि मुंबईत एके काळी पालखी वाहणाऱ्यांना, तसेच घरकाम करणाऱ्या गड्यालाही लावला जाई. 'माथाडी' हा शब्द 'माथा' या मराठी शब्दावरून आलेला असून मुंबईच्या बाजारांत, गोदामांत आणि रेल्वेच्या माल धक्क्यांवर काम करणाऱ्यांच्या तोंडी तो वाढला. १९६९ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केलेल्या 'महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम' या कायद्याच्या नावात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसले. बाजारात हाक मारण्यासाठी, बहुधा 'अरे' या संबोधनासह वापरले जाणारे शब्द अशा रीतीने अधिनियमाच्या शीर्षकात आले, आणि ज्यांच्या श्रमाला तोवर पावतीसुद्धा मिळत नव्हती त्या माणसांची राज्याच्या दप्तरात कामगार म्हणून नोंद होऊ लागली. असंघटित अंगमेहनतीच्या कामगारांसाठी देशात झालेल्या आरंभीच्या कायद्यांत याची गणना होते. परंतु त्याचे खरे महत्त्व तो पहिल्या काही कायद्यांपैकी होता यात नाही. ज्या कामगाराला एक निश्चित मालक नाही त्याच्या कल्याणाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला त्याने दिलेल्या उत्तरात ते आहे.

हा प्रश्न कसा निर्माण झाला हे समजण्यासाठी मुंबईच्या बाजारपेठेची घडण पाहावी लागते. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या निर्यातीने शहरात अमाप पैसा आणला, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक व १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक बांधून पूर्ण झाल्यावर हे शहर पश्चिम भारताच्या मालाचे मुख्य दार बनले. या दारातून जाणारा-येणारा माल एका जागी क्वचितच स्थिर राहत असे. धान्याचे पोते वॅगनमधून धक्क्यावर, धक्क्यावरून गाडीत, गाडीतून गोदामात, गोदामातल्या थप्पीवरून काट्यावर, काट्यावरून दुकानात आणि दुकानातून किरकोळ व्यापाऱ्याच्या हातगाडीवर असे पाच-सहा वेळा तरी उचलले जाई. दाणाबंदर, मस्जिद बंदर, वाडीबंदर, कर्नाक बंदरचा लोखंड बाजार, मूळजी जेठा कापड बाजार आणि भायखळ्याचा भाजी बाजार या प्रत्येक ठिकाणी मालाच्या जातीनुसार ओझ्याचे कौशल्य वेगळे होते. कापडाच्या गाठी ओढण्यासाठी लोखंडी आकडा लागे, धान्याच्या गोणीसाठी पाठीवर बारदान आणि डोक्यावर चुंबळ लागे, आणि लोखंडाच्या सळया चौघांनी एकाच लयीत पावले टाकल्याखेरीज खांद्यावरून हलत नसत. उंच थप्पी तिरकी होऊ न देता रचणे हे तर शिकाऊ गड्याला वर्ष वर्ष न जमणारे काम होते; या कामाला अकुशल म्हणण्याची सरकारी आणि शास्त्रीय लिखाणातील रीत ते काम कधी न उचललेल्यांनी पाडलेली आहे, असेच म्हणावे लागते.

मालाभोवती काम करणाऱ्यांत हमाल हा एकटाच नव्हता. तराजूवर माल तोलणारे तोलणार किंवा तोलार, मापाने धान्य मोजणारे मापाडी, माल उतरवून घेणारे वारणार, हातगाडीवाले, डोक्यावरच्या पाटीतून भाजी नेणारे पाटीवाले, पोती शिवणारे आणि धान्य चाळणाऱ्या-निवडणाऱ्या बायका अशी कामांची एक पूर्ण साखळी बाजारात असे. या साऱ्यांची मजुरी नगावर ठरे. जितकी पोती तितके पैसे, आणि पोते नसेल त्या दिवशी काहीच नाही. पावसाळ्यात आवक थांबली, व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवला किंवा पाठीत उसण भरली, तर त्या दिवसाचा हिशेब कोणाच्याही वहीत लिहिला जात नसे, कारण ज्याच्यासाठी काम केले तो व्यापारी सकाळी एक, दुपारी दुसरा आणि संध्याकाळी तिसरा असे.

या अनिश्चिततेत हमालाला आधार होता तो टोळीचा. टोळी म्हणजे एका मुकादमाच्या हाताखाली एकत्र काम करणारा दहा-वीस किंवा त्याहून अधिक माणसांचा गट. व्यापारी मजुरी मुकादमाकडे देई, टोळी ती सर्वांत सारखी वाटून घेई, आणि एखादा सोबती आजारी पडला किंवा गावाला गेला तर त्याचा वाटा किती दिवस काढून ठेवायचा याचे अलिखित संकेत टोळीत असत. हे गट बहुधा गावकीवर उभे होते. सातारा जिल्ह्यातील पाटण, जावळी आणि कराड, पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, भोर आणि वेल्हे, तसेच कोकणातील डोंगरपट्टा या भागांतून, जेथे जमीन थोडी आणि पाऊस संपला की काम नाही अशी स्थिती होती, तेथून पुरुष मुंबईला येत आणि आपल्या गावाच्या गाळ्यात उतरत. गाळा म्हणजे एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली खोली, जिच्यात वळकट्या आणि ट्रंका यांच्या दाटीत पाळीपाळीने झोपले जाई. तेथे भिशीतून नड भागवली जाई, खाणावळवालीचे देणे सामाईक जबाबदारीने फेडले जाई आणि गावातल्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणीही काढली जाई. बायका-मुले मात्र गावीच राहत. कल्याण या शब्दाने पुढे कायद्याने जे जे द्यायचे ठरवले त्याचे पहिले, अपुरे पण जिवंत रूप या गाळ्यांत आणि टोळ्यांत होते, आणि इतिहासात हे आधी नमूद व्हायला हवे, कारण हमालांना संघटित होता येत नाही हे गृहीतक त्यामुळे मुळातच लंगडे पडते.

तरीही टोळीचा गौरव करताना तिची दुसरी बाजू झाकता येत नाही. गावकीच्या नात्याने जो आत घेतला जाई तो सुरक्षित असे, पण त्याच नात्याने बाकीचे बाहेर राहत. ज्या जातींना गावात पाणवठ्यावर जागा नव्हती त्यांना त्या गावच्या टोळीतही सहसा जागा नसे. मुकादमाच्या हाती उचल म्हणजे आगाऊ रक्कम देण्याची सत्ता होती, आणि उचलीखाली दबलेला माणूस मजुरीतील कपातीबद्दल बोलू शकत नसे. टोळीतील समता ही मजुरीच्या वाटपापुरती होती. मजुरीचा दर ठरवताना टोळी आणि व्यापारी यांच्यात मुकादम उभा असे, आणि तो कोणाचा माणूस आहे हे प्रसंगावर अवलंबून असे.

राज्यकर्त्यांचा कायदा या माणसापर्यंत पोहोचला नाही याचे कारण केवळ उदासीनता नव्हते. १८८१ चा पहिला कारखाना कायदा, १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा, १९३६ चा वेतन अदायगी कायदा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आणि १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा या साऱ्या मालिकेची रचना एका प्रश्नाभोवती झालेली आहे: या कामगाराचा मालक कोण आणि त्याचे आवार कोठे आहे? गिरणी कामगाराला या प्रश्नाचे उत्तर देता येत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली १८९० साली रविवारची सुटी मिळवताना गिरणीच्या दारावर मालकाचे नाव आणि भोंग्याची वेळ दोन्ही ठरलेले होते. हमालाला मात्र हजार मालक होते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने एकही नव्हता. शेकडो पेढ्यांच्या नफ्यात ज्याच्या पाठीचा वाटा होता तो प्रत्येक पेढीच्या वहीत 'किरकोळ खर्च' या सदराखाली होता. हमालांच्या वंचनेचा गाभा या ठिकाणी आहे: दारिद्र्य अनेकांच्या वाट्याला आले होते, पण आपले काम हे काम आहे आणि ते कोणाच्या तरी हिशेबात येते एवढी ओळखही ज्यांना नव्हती त्यांच्या तक्रारीला दाखल करण्यासाठी जागाच नव्हती.

अशाच स्वरूपाचा प्रश्न बंदरात आधी उभा राहिला होता. जहाज आले की काम आणि गेले की बेकारी, आणि रोज सकाळी दरवाजासमोर जमलेल्या गर्दीतून मुकादमाने बोट दाखवून माणसे निवडायची, ही पद्धत लंडनपासून मुंबईपर्यंत सारखीच होती. १८८९ चा लंडनमधील गोदी कामगारांचा प्रसिद्ध संप याच पद्धतीविरुद्ध पेटला होता. यावर निघालेला तोडगा म्हणजे कामगारांची आणि मालकांची एकत्र नोंदणी करून सर्व मालकांच्या वतीने एका मंडळाने माणसे पुरवणे, पाळीने काम देणे आणि काम नसलेल्या दिवशीही हजेरीचे काही पैसे देणे. ब्रिटनमध्ये १९४७ साली ही योजना राष्ट्रीय पातळीवर आली आणि भारतात गोदी कामगारांसाठी १९४८ साली कायदा होऊन पुढे मुंबईत गोदी कामगार मंडळ स्थापन झाले. मुंबईच्या गोदीच्या भिंतीआड मंडळाचा कामगार आणि भिंतीबाहेर तेच पोते उचलणारा, पण कोणाचाच नसलेला हमाल, असे दृश्य त्यानंतर वीस वर्षे राहिले. भिंतीबाहेरच्यांच्या मनात जी मागणी रुजली तिचा नमुना त्यांना असा शेजारीच दिसत होता.

पुण्यात ही जाणीव वेगळ्या वाटेने आली. तेथील भुसार, गूळ आणि किराणा मालाचा व्यापार नाना पेठ व भवानी पेठ या भागात एकवटलेला होता, आणि त्याच परिसरात दवाखाना चालवणारे, राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी विचारांच्या मुशीतून आलेले डॉ. बाबा आढाव यांनी पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात हमाल पंचायतीची उभारणी केली. संघटनेला युनियन न म्हणता पंचायत म्हणणे अर्थपूर्ण होते. युनियन मालकासमोर उभी राहते, आणि येथे मालक एक नव्हता; पंचायत आपल्या माणसांचा सगळा संसार, त्यांच्यातील तंटे, व्यसने आणि जातीपातीचा भेद यांसकट, आपला विषय मानते. सत्तरीच्या दशकात बाबा आढावांनी चालवलेली 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ आणि हमालांचे संघटन या दोन गोष्टींना वेगवेगळ्या कप्प्यांत घालणे चुकीचे ठरेल, कारण ज्या गावकीच्या नात्याने टोळी बांधली होती त्याच नात्यातील विषमता काढल्याशिवाय टोळीचे संघटनेत रूपांतर होणार नव्हते, हे त्या कामातून स्पष्ट दिसते.

मुंबईतील लढ्याचे नेतृत्व खुद्द माथाडी कामगारांतून आले. अण्णासाहेब पाटील यांचा जन्म २५ सप्टेंबर १९३३ रोजी पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे येथे झाला. मुंबईत पोटासाठी आलेल्या या तरुणाने स्वतः ओझी वाहिली आणि साठच्या दशकात बाजाराबाजारांतील माथाडींना एका संघटनेत आणले. गावकीच्या टोळ्या हेच त्या संघटनेचे घटक होते, आणि एका टोळीने काम थांबवले की शेजारची टोळी तिच्या जागी उभी राहणार नाही एवढी शिस्त आणणे हे तिचे पहिले यश होते. बाजारातला माल नाशवंत किंवा भांडवल अडकवून ठेवणारा असल्यामुळे दोन दिवसांचा बंदही व्यापाऱ्याला जड जाई, आणि ज्याची कायद्यात ओळख नव्हती त्याला बाजारात मात्र ओळख मिळू लागली. राज्य सरकारने १९६५ साली माथाडी, हमाल आदी असंरक्षित कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली, तिच्या अहवालावर व्यापारी आणि कामगार यांच्या प्रतिनिधींशी बैठका झाल्या आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९६९ मध्ये कायदा अस्तित्वात आला. त्याच वर्षी न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाने आपला अहवाल सादर केला आणि परिस्थितीच्या अडचणींमुळे समान हितासाठी संघटित होऊ न शकलेले कामगार अशी असंघटितांची व्याख्या केली. दिल्लीत व्याख्या लिहिली जात असताना मुंबई-पुण्यात ती मागे टाकली गेली होती.

कायद्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. त्यातील कळीचा शब्द 'असंरक्षित कामगार' हा असून, राज्यातील कामगारांच्या कल्याणासाठी व लाभांसाठी असलेल्या अन्य कायद्यांचे पुरेसे संरक्षण ज्याला मिळत नाही असा अनुसूचित कामांतील अंगमेहनती कामगार, असा त्याचा साधारण अर्थ आहे. कामांच्या वर्णनात चढवणे, उतरवणे, थप्पी लावणे, वाहून नेणे, तोलणे, मापणे, भरणे, शिवणे, निवडणे आणि साफ करणे, तसेच त्यांच्या पूर्वतयारीची व अनुषंगिक कामे येतात, म्हणजे बाजारात ज्या ज्या हालचालीने माल पुढे सरकतो त्या सर्व. याहून मोठे पाऊल कामगाराच्या व्याख्येत आहे. कोणत्याही मालकाने वा ठेकेदाराने नोकरीवर न ठेवलेला, पण त्यांच्या परवानगीने किंवा त्यांच्याशी झालेल्या करारानुसार काम करणारा माणूसही या कायद्याने कामगार ठरतो. ज्या प्रश्नावर आधीचे सगळे कायदे अडून बसले होते तो प्रश्नच येथे बाजूला सारला गेला. मालक कोण हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही, काम झाले आणि ते अमुक बाजारात झाले एवढे पुरे झाले.

या व्याख्येला आकार देतात ती मंडळे. कापड बाजार, किराणा बाजार, लोखंड व पोलाद बाजार, भाजीपाला बाजार, रेल्वे माल धक्का अशा प्रकारे व्यवसाय आणि प्रदेश यांनुसार स्वतंत्र मंडळे स्थापन होतात, आणि त्यांत मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असून सरकारी सदस्यांच्या संख्येवर मर्यादा आहे. कामगार आणि मालक दोघांनीही मंडळाकडे नोंदणी करायची. व्यापाऱ्याने मजुरी थेट हातात न देता मंडळाकडे जमा करायची आणि तिच्यासोबत ठरावीक टक्केवारीने लेव्ही म्हणजे कल्याणाचा अधिभार भरायचा. मंडळ टोळीच्या हिशेबानुसार प्रत्येकाच्या नावावर मजुरी देते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, उपदान, बोनस, पगारी रजा, सणांच्या सुट्या आणि औषधोपचार यांची तरतूद करते. वर्षानुवर्षे नगावर मोजल्या गेलेल्या कामात या एका योजनेने काळाचे माप आणले. ज्या दिवशी पोते उचलले नाही तो दिवस पूर्वी हमालाच्या आयुष्यात कोरा राही. लेव्हीमुळे प्रत्येक पोत्याच्या हमालीत रजेचा, आजारपणाचा आणि म्हातारपणाचा अंश मिसळला गेला, आणि तो अंश कोणा एका दयाळू शेठजीच्या मर्जीतून न येता सगळ्या बाजाराच्या उलाढालीतून आला. टोळीने जे आपल्यापुरते आणि गावापुरते केले होते ते बाजाराने सर्वांसाठी करावे, असा या योजनेचा आशय आहे.

व्यापाऱ्यांचा विरोध अपेक्षितच होता. आपण या माणसांना नोकरीवर ठेवलेले नाही, मग त्यांच्या म्हातारपणाचा भार आपण का उचलावा, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद होता. कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. पुढील दशकांतही असंरक्षित कोणाला म्हणायचे, कारखान्यातील थेट नोकरीवरचा हमाल त्यात येतो की नाही, आणि कायद्याइतकेच लाभ देणाऱ्या आस्थापनांना कायद्यातील तरतुदीनुसार सूट कशी द्यायची, यांवर दावे चालत राहिले. दाव्यांच्या या लांबलचक मालिकेतून एक गोष्ट ध्यानात येते, ती अशी की व्यापाऱ्यांचा आक्षेप लेव्हीच्या रकमेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, या नव्या नात्याला होता.

कायद्याने जे पैसे उभे केले त्यांतून कामगारांनी स्वतः ज्या संस्था उभारल्या त्यांचा इतिहास मंडळांच्या इतिहासाहून कमी महत्त्वाचा नाही. पतपेढ्या निघाल्या आणि सावकाराचे व मुकादमाचे देणे फिटू लागले. मुंबईतील घाऊक बाजार ऐंशी व नव्वदच्या दशकांत टप्प्याटप्प्याने तुर्भे येथील नव्या आवारात हलल्यावर नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली या भागांत माथाडींच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि पिढ्यानपिढ्या गावी राहिलेली कुटुंबे पहिल्यांदा शहरात एका छताखाली आली. गाळ्यात पाळीने झोपणाऱ्या पुरुषाच्या मुलाला अभ्यासासाठी कोपरा मिळाला, हा बदल मजुरीच्या आकड्यांत दिसत नाही. पुण्यात हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' हे केंद्र सुरू केले. १९७२ च्या दुष्काळाची झळ आणि महागाई ताजी असताना कष्टकऱ्यांना परवडणाऱ्या दरात भाकरी, भाजी आणि झुणका मिळावा यासाठी ते ना नफा ना तोटा तत्त्वावर चालवले गेले, आणि कष्टकरी कुटुंबांतील स्त्रियांना त्यातून काम मिळाले. १९९५ नंतर राज्य सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली, जी अनुदानावर आणि वाटलेल्या जागांवर उभी असल्याने फार टिकली नाही. हमालांचे केंद्र मात्र चालत राहिले आणि त्याच्या शाखा शहरभर पसरल्या.

मान्यतेचा आणखी एक पदर बाजार समित्यांच्या रचनेत आहे. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याखालील बाजार समित्यांत हमाल आणि तोलारी यांना परवाने मिळतात आणि समितीच्या संचालक मंडळावर त्यांचा एक निवडून आलेला प्रतिनिधी असतो. शेतकरी आणि व्यापारी यांच्या अनेक जागांच्या तुलनेत एक जागा थोडीच आहे. पण ज्याला आडत्याच्या गादीवर बसण्याची मुभा नव्हती तो त्याच आडत्याशेजारी बाजाराचा दर आणि नियम ठरवण्याच्या बैठकीत बसतो, हे ज्या पिढीने प्रथम पाहिले तिला ते लहान वाटले नसणार.

या मान्यतेच्या मर्यादाही त्याच काळात उघड झाल्या. माथाडींच्या घरांत पैसा आला, तरी त्यांच्या गावाकडील कोरडवाहू जमिनीचे आणि पुढच्या पिढीच्या शिक्षण-नोकरीचे प्रश्न सुटले नाहीत, आणि अण्णासाहेब पाटील, जे तोवर काँग्रेसचे आमदार झाले होते, मराठा समाजातील आर्थिक दृष्ट्या मागासलेल्यांसाठी आरक्षणाच्या मागणीकडे वळले. २२ मार्च १९८२ रोजी त्यांनी मुंबईत मोर्चा काढला आणि मागणी मान्य न झाल्याने दुसऱ्या दिवशी स्वतःचे जीवन संपवले. कामगार म्हणून मिळालेली ओळख आणि समाज म्हणून हवी असलेली ओळख यांतील ताण त्यांच्या जीवनात असा टोकाला गेला, आणि पुढील चार दशकांच्या महाराष्ट्राच्या राजकारणाने त्यांतील दुसऱ्या ओळखीची आठवण पहिलीपेक्षा अधिक ठेवली. माथाडी कायद्याचा इतिहास त्यामुळे काहीसा झाकला गेला, ही खेदाची गोष्ट आहे.

कायद्याच्या अंमलबजावणीतील त्रुटी दोन टोकांच्या आहेत. एका टोकाला नोंदणीच न झालेले कामगार, लेव्ही थकवणारे मालक, आणि सरकारने सदस्यांच्या नेमणुका लांबवल्याने अधिकाऱ्याच्या एकहाती कारभारात गेलेली मंडळे आहेत. दुसऱ्या टोकाला माथाडींच्या नावाखाली कारखानदारांकडून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत, ज्यांचा ओझ्याशी संबंध नसतो. या दुसऱ्या तक्रारीचा आधार घेऊन २०२३ साली विधिमंडळात कायदा दुरुस्तीचे विधेयक आले, तेव्हा हमाल-माथाडी संघटनांनी त्याला विरोध केला. खंडणीखोरांना फौजदारी कायदा पुरेसा आहे, त्यासाठी कष्टकऱ्याची व्याख्या आकुंचित करण्याचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते रास्त वाटते. तिसरी उणीव मात्र संघटनांनी स्वतःकडे पाहण्याची आहे. धान्य निवडणाऱ्या, चाळणाऱ्या आणि सांडलेले दाणे गोळा करणाऱ्या स्त्रियांची कामे कायद्याच्या यादीत असूनही टोळीच्या रचनेत त्यांना जागा मिळायला फार वेळ लागला, कारण टोळी ही मुळात गावाकडून आलेल्या पुरुषांच्या सोबतीवर उभी होती आणि नोंदणी त्या टोळीच्या आधारे होत होती. जुने नाते कायद्याचा पाया बनले, तेव्हा त्या नात्यातील वगळणूकही पायात राहिली. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, जिच्यात कचरा वेचणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया आणि त्याही मुख्यतः दलित समाजातील होत्या. हमाल पंचायतीचा अनुभव आणि बाबा आढावांचा आधार तिच्या मागे होता, पण तिला टोळीचा वारसा नव्हता, आणि कदाचित म्हणूनच नात्याची नवी बांधणी करणे तिला भाग पडले.

मंडळ आणि लेव्ही यांची ही पद्धत बाजाराबाहेर पसरत गेली. केरळने १९७८ साली डोईवर ओझे वाहणाऱ्या कामगारांसाठी कायदा केला, महाराष्ट्राने १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांना याच धर्तीवरील मंडळाखाली आणले, आणि २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, ज्यात घराघरांतील मालकाकडून लेव्ही घेण्याची ताकद मात्र आणली गेली नाही. २०२३ मध्ये राजस्थानने मोबाइलवरच्या ॲपद्वारे काम घेणाऱ्या प्रवासी-वाहन चालकांसाठी आणि घरपोच सामान पोहोचवणाऱ्यांसाठी कायदा केला, त्यात कल्याण मंडळ आहे, कामगारांची नोंदणी आहे आणि प्रत्येक व्यवहारामागे आकारायचे शुल्कही आहे. आपण या माणसांचे मालक नाही, केवळ गिऱ्हाईक आणि चालक यांची गाठ घालून देतो, असे या कंपन्यांचे म्हणणे असते, आणि १९६९ साली मस्जिद बंदरच्या पेढ्यांवर हेच म्हणणे वेगळ्या शब्दांत ऐकू येत होते.

या साऱ्या काळात पोत्याचे वजन मात्र फार सावकाश कमी झाले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली, म्हणजे माथाडी कायद्याच्या दोन वर्षे आधी, प्रौढ पुरुषाने एका वेळी ५५ किलोहून अधिक वजन हाताने वाहू नये अशी शिफारस केली होती, आणि भारतातील बाजारांत त्यानंतर कित्येक वर्षे शंभर किलोची गोणी एकाच पाठीवर चढत राहिली. कायद्याने मजुरीची, रजेची आणि निवृत्तीची सोय केली, तरी साठीच्या आत गुडघे आणि मणके झिजलेला माणूस त्या निवृत्तीचा उपभोग कसा घेणार, हा प्रश्न हमाल-मापाडी संघटनांनी पुन्हा पुन्हा मांडला, आणि पोते पन्नास किलोचेच असावे ही मागणी दरवाढीच्या मागणीइतक्याच आग्रहाने प्रत्येक अधिवेशनाच्या ठरावात येत राहिली.